काळ्या जोडीला लाल पिल्लं का होतात? असील आणि कडकनाथच्या रंगाचं गणित

असील या झुंजार जातीच्या कोंबड्या पाळणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे. काळीभोर जोडी बघून चांगले पैसे मोजले, घरी आणली, आणि पहिल्याच रवणीला, म्हणजे उबवणीला, बारा पिल्लांतली तीन पिवळसर, पुढे लालसर होणारी निघाली. मग विकणाऱ्याने फसवलं, कोंबडी शेजारच्या कोंबड्याखाली गेली, असं काहीही बोललं जातं. शेजारचा कोंबडा कधीकधी खरंच कारण असतो, त्याबद्दल पुढे येईलच. पण बहुतेक वेळा ती तीन पिल्लं त्याच जोडीची असतात, आणि तो रंग दोघांच्याही अंगात आधीपासून दडलेला असतो.

माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात असील आणि गावरान कोंबड्या परसात पिढ्यान् पिढ्या आहेत. अलीकडे त्यात आतून-बाहेरून काळ्या कडकनाथ जातीची भर पडली. या पक्ष्यांची खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणात रंगावर होते, म्हणून रंग पुढच्या पिढीत कसा उतरतो हे पाळणाऱ्याला नीट कळायला हवं. झुंजी लावणं प्राण्यांच्या छळाला बंदी घालणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, तो विषय इथे नाही. इथे विषय जात राखण्याचा आहे.

रंगद्रव्यं दोनच

कोंबडीच्या पिसात रंगद्रव्यं दोनच असतात. काळं, म्हणजे युमेलॅनिन, आणि तांबडं, म्हणजे फिओमेलॅनिन. सोनेरी, गव्हाळ, विटकरी, तपकिरीतला तांबूसपणा या सगळ्या तांबड्याच्या छटा. राखी किंवा निळसर कोंबडी म्हणजे विरळ झालेलं काळं. पांढरं पीस म्हणजे द्रव्यच नाही. शेपटीवर दिसणारी हिरवी चमक पिसाच्या बारीक रचनेवरून परतणाऱ्या उजेडाची असते, तिचं वेगळं द्रव्य नसतं.

कोणतं द्रव्य अंगावर कुठे पडायचं हे काही जनुकं ठरवतात. ते किती दाट हे दुसरी ठरवतात, आणि काही जनुकं ते पडूच देत नाहीत. पक्षी विकत घेताना आपण या सगळ्यांचा एकत्र परिणाम बघत असतो. म्हणूनच दोन पक्षी दिसायला अगदी सारखे असूनही त्यांची पिल्लं वेगळी निघू शकतात.

बहुतेक जनुकं जोडीने असतात, एक आईकडून आलेलं आणि एक बापाकडून. दोघांपैकी एकच असलं तरी जे आपला रंग दाखवतं ते प्रभावी. जे दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय दिसत नाही ते सुप्त. सुप्त जनुक एकाच बाजूने आलं असेल तर तो पक्षी वाहक असतो. त्याच्या अंगावर खूण नसते, पण तो आपल्या निम्म्या पिल्लांना ते देत राहतो.

यात एक अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्यात झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, कोंबडीत एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडी आपलं एकुलतं झेड फक्त नर पिल्लांना देते, तलंगांना, म्हणजे मादी पिल्लांना, तिच्याकडून डब्ल्यू जातं. त्यामुळे झेडवर बसलेला कुठलाही रंग आईकडून मुलीला मिळत नाही. रुपेरी मानेची सुंदर कोंबडी आणली आणि तिच्या मुलीही रुपेरी येतील असं धरून चाललात, तर निराशाच होणार. तो रंग तलंगांत हवा असेल तर तो कोंबड्याकडूनच यावा लागतो.

पाया: ई जनुक

सगळ्यात खालचा थर ई नावाच्या जनुकाचा. पिसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर एक ग्राहक, म्हणजे बाहेरचा रासायनिक संदेश पकडणारा भाग, असतो, आणि हे जनुक तो ग्राहक घडवतं. ग्राहक सतत चालू राहिला तर पेशी काळंच द्रव्य बनवत राहते. कमी चालला तर तांबड्याला वाव मिळतो. या जनुकाची पाच मुख्य रूपं आहेत. ती ओळखायची योग्य वेळ म्हणजे पिल्लू सुकल्यानंतरचे पहिले २४ तास.

पूर्ण काळ्या रूपात पिल्लाची पाठ काळी असते, गळा-पोट पांढरट किंवा पिवळट. दुसऱ्या रूपात पिल्लू काळपटच असतं, पण डोक्यावर बऱ्याचदा तपकिरी झाक असते. मोठेपणी कोंबड्याची मान आणि पाठ सोनेरी किंवा रुपेरी होते, छाती काळी राहते. रानकोंबड्याच्या मूळ रूपात पाठीवर रुंद गडद पट्टा, त्याच्या दोन्ही कडांना फिकट रेघा आणि डोळ्याच्या मागे ठसठशीत गडद रेघ असते. तपकिरी रूपात डोकं गडद तपकिरी, पाठीवरच्या रेघा मोडलेल्या, आणि डोळ्यामागची रेघ तुटक किंवा नसतेच. गव्हाळ रूपात पिल्लू दुधी-पिवळसर असतं, पाठीवर पट्टा नाही किंवा अगदी पुसट.

आता मुद्द्याची गोष्ट. लाल मान, लाल पाठ, काळी छाती, काळी शेपूट असा कोंबडा मूळ रानरूपाचाही असू शकतो आणि गव्हाळ रूपाचाही. मोठा झाल्यावर दोघांत फरक सांगणं अनुभवी माणसालाही जड जातं. पण त्यांच्या जातीच्या कोंबड्या शेजारी उभ्या केल्या तर फरक उघड असतो. रानरूपाची कोंबडी पाठीवर तपकिरी, त्यात बारीक काळे ठिपके, आणि छातीला तांबूस-गुलाबी. गव्हाळ रूपाची कोंबडी छाती-पोटाला फिकट दुधी, पाठीला गव्हाच्या रंगाची. असीलमध्ये आणि एकूणच आशियातल्या झुंजार जातींत गव्हाळ रूप बरंच आढळतं. म्हणजे ज्याला आपण ‘याकूब’ म्हणून मिरवतो त्या लाल-काळ्या कोंबड्याच्या पोटी कुठल्या रंगाच्या तलंगा येणार, हे त्याच्या अंगावरून कळत नाही. त्याच्या बहिणी बघा. बहिणी नसतील तर पहिल्या रवणीच्या पिल्लांची लव, म्हणजे अंगावरची पहिली मऊ पिसं, बघा.

नुरी (पांढरा), कागर (काळा), पीला, चित्ता, याकूब ही असीलची नावं दिसणाऱ्या रंगावरून पडलेली आहेत. बाजारात ती उपयोगी आहेत, पण पैदाशीच्या वहीत नुसतं ‘कागर’ लिहून भागत नाही.

काळ्यातून लाल येतं ते असं

पूर्ण काळं रूप प्रभावी आहे. त्यामुळे एका बाजूने काळं आणि दुसऱ्या बाजूने गव्हाळ आलेला पक्षीही काळाच दिसतो. असे दोन वाहक एकत्र आले की सरासरी चारातलं एक पिल्लू काळं नसतं. बारात तीन पिवळसर, हा तोच हिशोब. मात्र ही सरासरी आहे. दोन्ही वाहक असूनही आठ पिल्लांत एकही पिवळसर न येण्याची शक्यता दहात एक असते, म्हणून एका रवणीवरून जोडी शुद्ध ठरवता येत नाही.

वाहक कोंबडा कधीकधी स्वतःच चुगली करतो. वर्षाचा झाला की मानेच्या किंवा खांद्याच्या काळ्या पिसांत लालसर धागे उमटतात. कोंबडीत हे सहसा दिसत नाही, म्हणून कळपातला दडलेला लाल रंग बहुतांश माद्यांच्या बाजूने पुढे जातो.

बहुतेकजण यावर एकच उपाय करतात, लाल पिल्लं काढून टाकायची. पण त्याने काय होतं याचा हिशोब क्वचितच मांडला जातो. समजा कळपातली सगळी पाखरं वाहक आहेत. पहिल्या पिढीत २५ टक्के पिल्लं लाल येतील. ती सगळी काढली, तरी उरलेल्या काळ्यांत तिघांतले दोघे वाहक असतात. पुढच्या पिढीत लाल पिल्लं ११ टक्के, त्यापुढे सहा टक्क्यांच्या थोडी वर, त्यापुढे चार टक्के. एक पिढी म्हणजे एक वर्ष धरलं तरी चार वर्षं झाली, आणि शंभरात चार लाल अजून येतातच. पुढे घसरण आणखी मंदावते, कारण जनुक जितकं कमी होतं तितकं ते वाहकांच्या आडच राहतं आणि आपल्या हाती लागत नाही.

खरा उपाय कोंबड्याची परीक्षा. ज्या काळ्या कोंबड्याबद्दल शंका आहे त्याला साध्या तांबड्या गावरान कोंबडीवर सोडा. तांबडी कोंबडी पूर्ण काळं रूप बाळगत नाही, बाळगत असती तर काळी दिसली असती. कोंबडा वाहक असेल तर निम्मी पिल्लं काळी येणार नाहीत. एक जरी पिवळसर किंवा पट्ट्याचं पिल्लू निघालं, तर निकाल लागला. सलग सात पिल्लं काळी आली, तर तो वाहक असूनही आपल्याला चकवतोय याची शक्यता १२८ मध्ये एक, म्हणजे एक टक्क्याच्याही खाली. सात अंडी नव्हे, सात पिल्लं. उबवणीत जातात त्यांचा अंदाज घेऊन बारा-चौदा अंडी बसवा. ही पिल्लं नंतर गावरान म्हणून विकली जातात, खर्च अंगावर पडत नाही.

परीक्षा कोंबड्यापासून सुरू करा, कारण तोच पाच-सहा कोंबड्यांच्या पिल्लांचा बाप होतो. शुद्ध कोंबडा वापरला की कळपात लाल पिल्लू दिसेनासं होतं. इथे बरेचजण थांबतात. पण माद्यांमधले वाहक तसेच असतात आणि त्यांचे मुलगेही निम्मे वाहक निघतात. त्यामुळे त्याच कळपातला नवा कोंबडा पैदाशीला ठेवताना त्याचीही परीक्षा घ्यायलाच हवी.

पांढरा रंग आणि त्याच्या मागे काय आहे

पांढरी कोंबडी म्हणजे चुना मारलेली भिंत. आत कुठला रंग होता ते वरून कळत नाही.

पांढरे दोन प्रकारचे. प्रभावी पांढरा काळं द्रव्य जवळजवळ पूर्ण थांबवतो, पण तांबड्यावर त्याचा जोर कमी पडतो. एकाच बाजूने आला तर पांढऱ्या पिसांत मधेच काळे ठिपके राहतात. अंड्यांच्या पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न जात याच प्रकारची. दुसरा सुप्त पांढरा. तो दोन्ही बाजूंनी आला की काळं-तांबडं दोन्ही बंद होतं.

ओळखायला पांढरा पक्षी ज्याच्या घराण्यात कधी पांढरं आलेलं नाही अशा काळ्या पक्ष्यावर द्या. सगळी पिल्लं पांढरी किंवा काळ्या ठिपक्यांची पांढरी आली तर प्रभावी पांढरा दोन्ही बाजूंनी आहे. निम्मी आली तर एका बाजूने. सगळी रंगीत आली तर सुप्त पांढरा. नुरी असीलची अशी परीक्षा घेतल्याशिवाय त्याला रंगीत कळपात घालू नये.

आपल्या भागात या गोष्टीला वेगळं महत्त्व आहे. विटा-खानापूरकडे अंड्यांच्या पोल्ट्र्या आहेत. साधारण ७२ आठवड्यांनंतर अंडी कमी झाली की त्या कोंबड्या काढून विकल्या जातात, त्यातल्या काही वाड्या-वस्त्यांवर परसात पोचतात आणि गावरान कोंबड्याखाली जातात. लेगहॉर्नच्या पांढऱ्याआड बऱ्याचदा पूर्ण काळा पाया आणि आडव्या पट्ट्यांचं जनुक दडलेलं असतं. म्हणून एक-दोन पिढ्यांनी परसात अचानक पट्टेदार कोंबडा उभा राहतो आणि ‘ही जुनी गावरान जात’ म्हणून त्याची किंमत वाढते. अशा कोंबड्याच्या घराण्यातल्या तलंगा खुडूक बसतात का, म्हणजे स्वतः अंडी उबवायला बसतात का, ते बघा. पोल्ट्रीच्या जातींतून खुडूकपणा निवडून काढलेला असतो. पिसांच्या पट्ट्यांपेक्षा हा पुरावा जास्त बोलतो.

राखी रंग: इथे गणित स्वच्छ आहे

राखी जनुक अर्धं प्रभावी आहे. एका बाजूने आलं तर काळं विरळ होऊन राखी दिसतं. दोन्ही बाजूंनी आलं तर पक्षी मळकट पांढरा, त्यावर राखी-काळे शिंतोडे. राखी जोडीपासून म्हणूनच सरासरी पाव काळी, निम्मी राखी, पाव शिंतोड्यांची येतात. शुद्ध राखी जोडी कुणी विकत असेल तर घेऊ नका, अशी जोडी असूच शकत नाही.

सगळी पिल्लं राखी हवी असतील तर काळा पक्षी शिंतोड्यांच्या पक्ष्यावर द्या, शंभर टक्के राखी येतात. शिंतोड्यांची पिल्लं कुचकामी म्हणून कापणारे लोक पैदाशीतला सगळ्यात उपयोगी पक्षी गमावतात. तांबड्यावर या जनुकाचा परिणाम जवळजवळ नाही, त्यामुळे लाल मान आणि राखी छातीचा कोंबडा मिळतो.

फिकट जांभळट-राखी म्हणजे लॅव्हेंडर वेगळा. तो सुप्त आहे, तांबड्यालाही फिकट करतो आणि आपल्याच रंगाच्या जोडीत शंभर टक्के तसाच येतो. काळ्यावर दिला की सगळी पिल्लं काळी. या एका परीक्षेने दोन राखी वेगळे ओळखता येतात.

झेडवरचे रंग

रुपेरी आणि सोनेरी हा फरक झेडवरच्या एका जनुकाचा आहे, आणि रुपेरी प्रभावी. सोनेरी कोंबडा रुपेरी कोंबडीवर दिला तर नर पिल्लं रुपेरी आणि तलंगा सोनेरी. लवेतच फरक दिसतो, पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळ्या करता येतात. उलट जोडी लावली, म्हणजे शुद्ध रुपेरी कोंबडा आणि सोनेरी कोंबडी, तर सगळीच रुपेरी. आणि हे पूर्ण काळ्या रूपाच्या पक्ष्यांत चालत नाही, कारण काळ्याखाली रुपेरी-सोनेरी झाकलं जातं. दोन्हीकडून वेगळं जनुक आलेल्या रुपेरी कोंबड्याच्या मानेत बऱ्याचदा पिवळसर झाक राहते. तो उन्हाने पिवळा पडला असं म्हणतात. ऊनही ते करतं, म्हणून पीसगळ झाल्यावर सावलीत आलेलं नवं पीस बघून ठरवा.

आडव्या पट्ट्यांचं जनुकही झेडवर आहे. पट्टेदार कोंबडी आणि साधा काळा कोंबडा दिला तर नर पिल्लाच्या काळ्या डोक्यावर फिकट ठिपका असतो, तलंगेच्या नसतो.

तांबड्याची गडद-फिकट छटा मात्र अनेक लहान जनुकांची मिळून होते. तिथे एखाद्या जोडीवरून उत्तर मिळत नाही, पिढ्यान् पिढ्या निवडूनच ती येते.

कडकनाथ: पिसं वेगळी, कातडी वेगळी

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची पिसं काळीभोर, कडा-रेघांची आणि सोनेरी झाक असलेली अशी तीन प्रकारची असतात. त्याची किंमत मात्र कातडी, मांस आणि हाडांच्या काळेपणाची आहे आणि त्याचं जनुक पिसांच्या जनुकांपासून पूर्ण वेगळं. पांढऱ्या पिसांची सिल्की कोंबडी आतून याच जनुकाने काळी असते.

विसाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दुप्पट झाल्यामुळे हे घडतं. त्या तुकड्यात एंडोथेलिन-३ चं जनुक आहे. ते जास्त झालं की अंड्यातल्या गर्भात रंगपेशी वाढतात आणि एरवी जिथे जात नाहीत तिथे, म्हणजे कातडीखाली, स्नायू आणि हाडांच्या आवरणांत पसरतात. हे जनुक प्रभावी आहे. पण झेडवर दुसरं एक जनुक असतं, ते कातडीतल्या काळ्याला रोखतं. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या बहुतेक कोंबड्यांत ते असतं, कडकनाथमध्ये नसतं.

आता पांढऱ्या पायांच्या गावरान कोंबडीवर कडकनाथ कोंबडा दिला तर काय होईल? सगळ्या पिल्लांना बापाकडून काळेपणा मिळतो. रोखणारं जनुक आईच्या झेडवर आहे, ते फक्त नर पिल्लांना जातं. म्हणून नर फिकट किंवा डागाळ निघतात आणि तलंगा कातडीने जवळजवळ कडकनाथइतक्या काळ्या. उलटी जोडी लावली, म्हणजे कडकनाथ कोंबडी आणि पांढऱ्या पायांचा शुद्ध गावरान कोंबडा, तर रोखणारं जनुक बापाकडून सगळ्यांना जातं आणि सगळीच पिल्लं फिकट. एकच संकर, पण कोणाला नर आणि कोणाला मादी ठेवलं यावर सगळा निकाल.

यातून खरेदी करणाऱ्याने घ्यायची गोष्ट अशी की काळी कातडी आणि काळी जीभ हा शुद्धतेचा पुरावा नाही. काळ्या तलंगांचा लॉट दाखवला जात असेल तर त्याच उबवणीतले नर बघायला मागा. भाऊ फिकट असतील तर तो पहिल्या पिढीचा संकर. अशी तलंग शुद्ध कडकनाथ कोंबड्यावर दिली की सगळी पिल्लं काळी येतात, दोष आणखी एक पिढी झाकला जातो आणि तोवर पक्षी दुसऱ्याच्या खुराड्यात पोचलेले असतात.

खुराड्यातली शिस्त

हिशोब कितीही बरोबर असला तरी बाप कोण हे नक्की नसेल तर सगळं वाया. कोंबडीच्या अंगात नराचं बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहतं. नवा कोंबडा सोडल्यानंतर लगेच जमवलेल्या अंड्यांत जुन्याची पिल्लं असू शकतात. त्यामुळे आधी कोंबड्या २१ दिवस कोंबड्याविना ठेवा, मग ठरलेला कोंबडा सोडा. मोकळ्या परसात ही परीक्षा होत नाही, जाळीचा बंद खण हवा. असीलसारख्या जड जातीला एका कोंबड्यामागे चार-पाच कोंबड्या पुरे.

अंड्याच्या रुंद टोकाला पेन्सिलीने कोंबड्याचा क्रमांक, कोंबडीचा क्रमांक आणि तारीख लिहा. शाई वापरू नका, कवचाला बारीक छिद्रं असतात. अंडी दिवसातून तीनदा उचला आणि टोकदार बाजू खाली ठेवून सात दिवसांच्या आत बसवा. साठवणीला १५ ते १८ अंश बरे. जत-आटपाडीच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात खोलीतच अंड्यातला जीव थोडा वाढू लागतो आणि मग मरतो. परीक्षेच्या जोड्या दिवाळीनंतर लावल्या तर हा प्रश्नच कमी होतो. मशीनमध्ये ३७.५ अंश, आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास, आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करताना प्रत्येक कोंबडीची अंडी जाळीच्या वेगळ्या डब्यात घाला. बहुतेक नोंदी इथेच बिघडतात. पिल्लं एका रात्रीत एकमेकांत मिसळतात आणि सकाळी कोणाचं कोणतं हे सांगता येत नाही.

खुडूक असीलखाली बसवणार असाल तर एका कोंबडीखाली एकाच जोडीची अंडी.

पिल्लू सुकलं की पांढऱ्या कापडावर ठेवून वरून, डोक्याच्या बाजूने आणि पोटाचा असे तीन फोटो काढा. त्याच वेळी बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडा. दोन्ही पायांना मिळून चार पडदे, छिद्र आहे किंवा नाही अशा सोळा वेगळ्या खुणा होतात. आठवड्याने छिद्र बघा, बुजत असेल तर पुन्हा पाडा. मोठं झाल्यावर पायात क्रमांकाची रिंग.

रंगाचा निर्णय घाईने करू नका. शुद्ध काळ्या पिल्लाच्याही पंखांची पहिली पिसं पांढऱ्या टोकांची येतात आणि पुढच्या पिसगळीत जातात. दोन महिन्यांचं असताना त्याला ठिपक्यांचं म्हणून काढून टाकणं म्हणजे चांगला पक्षी घालवणं. निर्णय सहा महिन्यांनंतर. प्रौढ पक्ष्यात अधूनमधून येणारं पांढरं पीस जखमेचंही असतं. नुसत्या ज्वारी-मक्यावर वाढलेल्या पिल्लांत लायसिन कमी पडतं, त्यानेही वाढत्या रंगीत पिसात फिकट भाग येऊ शकतो. यातलं काही पुढच्या पिढीत जात नाही. शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड, वाळवी, अळ्या खाण्यात असल्या की नवं पीस रंगीत येतं का ते आधी बघा.

रंगापायी काय गमावलं जातं

लहान कळपात रंग पक्का करायची सगळ्यात जलद वाट म्हणजे बाप-मुलगी किंवा भाऊ-बहीण. दोन्हींत एकाच फेरीत जवळच्या रक्ताचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढतं. अंडी कमी भरतात, पिल्लं अंड्यात मरतात, राहिलेली अशक्त निघतात. हे टाळायला निदान नर वाढवा. एक कोंबडा आणि पाच कोंबड्यांचा बंद कळप पिढीला सुमारे १५ टक्के एकरक्तता जमवतो. चार कोंबडे आणि वीस कोंबड्या ठेवल्या तर तेच प्रमाण चार टक्क्यांच्या खाली येतं.

एकट्याला वीस कोंबड्या जड जातात. तिघांनी मिळून तीन खुराडी चालवावीत. दर वर्षी तलंगा आपल्याच खुराड्यात राहतात आणि निवडलेले नर ठरल्याप्रमाणे पुढच्या खुराड्यात जातात, पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. फलटण, विटा, जत असे तीन गावांतले तिघे असले तरी वर्षातून एकदाच पक्षी हलवायचे असतात. फक्त नवा पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवून मगच आत घ्या.

निवडीचा क्रम आमच्या मते असाच असावा: आधी पाय, छाती, वजन आणि आजाराला टिकणं, मग खुडूक बसून पिल्लं सांभाळणं, आणि रंग शेवटी. दर पिढीत काढून टाकण्याइतके पक्षी मोजकेच असतात. ते सगळे रंगासाठी खर्च केले तर वाकड्या बोटांचा, हलक्या छातीचा काळाभोर कोंबडा हाती राहतो. चांगल्या अंगाची पण वाहक कोंबडी ठेवून घ्यावी, परीक्षा दिलेल्या शुद्ध कोंबड्यावर द्यावी आणि तिच्या मुलांची परीक्षा घ्यावी. रंग दोन पिढ्यांत दुरुस्त होतो, गेलेलं अंग परत आणायला बाहेरून रक्त आणावं लागतं.

विकताना पक्ष्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर आई-बापाचे क्रमांक, पहिल्या दिवसाच्या लवेचा रंग, भावंडांत किती पिल्लं कुठल्या रंगाची आली, आणि बापाची परीक्षा किती पिल्लांवर झाली एवढं लिहावं. परीक्षा झाली नसेल तर तसं लिहावं. घेणारा त्यावरून पुढची जोडी ठरवेल.